जुन्या मोटरहोमच्या बंपरवर सामानाची पेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, जागा कधीच पुरत नाही. मग एक दिवस नजर मागच्या बंपरवर जाते: एवढी रुंद, सपाट पट्टी रिकामीच पडली आहे की! त्या दिवसापासून सुचणारे, आणि मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या गाडीखाली झोपून मिळालेल्या अनुभवातून आणि थोड्या साध्या गणितातून आली आहेत.

1. एका वाक्यात सांगा, बंपरवर पेटी बसवता येते की नाही?

येते, पण पेटीचा भार बंपरने नव्हे, चासीने (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याने) पेलला पाहिजे. बंपर फक्त मध्ये आलेला असतो.

2. माझा बंपर चांगला जाडजूड दिसतो. त्यावर शंका कशाला?

बऱ्याच जुन्या मोटरहोमचा मागचा बंपर म्हणजे 4 इंची चौकोनी पोकळ पाइप, दोन्ही टोकांना टोपणं. तो पाइप पोकळ का, तर सांडपाण्याचा होस आत सरकवून ठेवता यावा म्हणून. म्हणजे बनवणाऱ्याच्या डोक्यात तो होस ठेवायचा डबा होता. मागून धक्का बसला तर मागची भिंत वाचवायची, एवढंच त्याचं दुसरं काम.

टोपण काढा आणि पाइपच्या कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. पत्रा 2-3 मिमीच्या आसपास भरला तर नवल नको. आणि हे माप कडेचं झालं. होसमधून ठिबकलेलं पाणी वर्षानुवर्षं जिथे साचलं, त्या तळाच्या बाजूला त्यातला किती पत्रा उरलाय हे वेगळं बघावं लागतं. पाइपच्या तळावर हातोडीने हलके ठोके मारत जा. टणटण आवाज येतो तिथे लोखंड आहे. आवाज बसका झाला की तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. माझ्या गाडीत तो मुठीपर्यंत आत गेला होता.

3. बंपरच्या मागे चासी आहे की आणखी काही, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा.

1970 च्या दशकातल्या पुष्कळ अमेरिकी मोटरहोमच्या खाली डॉज एम 300 किंवा शेव्हरले पी 30 सारखी ट्रक-व्हॅनच्या घराण्यातली चासी असते. घर बांधणाऱ्या कंपनीला मागे जास्त लांबी हवी असायची, म्हणून ती मूळ चासीच्या टोकाला आणखी चॅनेल (पन्हळीच्या आकाराची लोखंडी तुळई) वेल्ड करून शेपूट वाढवायची. हे जोडचॅनेल मूळ चासीपेक्षा पातळ असू शकतं. बंपर लटकतो तो या शेपटाला.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावा. टॉर्च घेऊन मागच्या एक्सलपासून (चाकांच्या आसापासून) बंपरकडे सरकत जा. चॅनेलची उंची अचानक बदलली, आडवा वेल्ड दिसला, किंवा रिव्हेटच्या जागी बोल्ट सुरू झाले, की समजा शेपूट तिथून सुरू झालं. त्या जोडाला तारेचा ब्रश मारा. जुन्या रंगावर केसाएवढी तपकिरी रेघ वेल्डच्या कडेकडेने जाताना दिसली तर तो नुसता गंज नाही. आतल्या चिरेतून झिरपलेल्या पाण्याची ती खूण आहे. अशी रेघ असेल तर पेटीचा विचार बाजूला ठेवा, आधी जोड दुरुस्त करा.

4. किती किलोपर्यंत चालेल?

सरसकट आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तीन मर्यादा तपासायच्या, आणि त्यातली सगळ्यात लहान ती तुमची.

पहिली बंपर आणि त्याच्या ब्रॅकेटची. बंपरवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत वजनाची सूचना असेल तर ती शेवटचा शब्द. दुसरी चासीच्या शेपटाची, म्हणजे प्रश्न 3. तिसरी मागच्या एक्सलची, आणि लोक फसतात ते हिच्यातच.

एक्सलच्या मागे ठेवलेलं 80 किलो एक्सलवर 80 किलो म्हणून येत नाही. समजा पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर 4 मीटर आहे, आणि पेटीचा मध्य मागच्या एक्सलच्या 3 मीटर मागे. आता 80 ला 7 ने (4 अधिक 3) गुणा आणि 4 ने भागा: मागच्या एक्सलवर 140 किलो वाढले. वरचे 60 आले कुठून? पुढच्या एक्सलवरून उचलले गेले. सीसॉच्या टोकाला मूल बसावं तशी पेटी गाडीचं नाक उचलते. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग तरंगतं, आणि शेजारून ट्रक गेला की गाडी हेलकावते.

1973 ते 1978 दरम्यान बनलेली जीएमसी मोटरहोम असेल तर आणखी जपून. तिची पुढची चाकंच गाडी ओढतात. ओल्या चढावर ओढणाऱ्या चाकांवरचं वजन कमी करणं शहाणपणाचं नाही.

उलट बाजूने, छोट्या पिकअपवर बांधलेल्या 1970 च्या दशकातल्या काही मोटरहोमना मागे जोडचाकं दिसतात, पण त्यांच्या आतला एक्सल पिकअपचाच हलका आहे. चाकं मोजून एक्सलची ताकद ठरवू नका.

5. वजनकाट्यावर नेमकं काय मोजायचं?

आधी फक्त पुढचा एक्सल, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागचा. टाक्या, गॅस, इंधन, माणसं, भांडीकुंडी, सगळं प्रवासात असतं तसं. मागचा आकडा डेटा प्लेटवरच्या (गाडीवर कंपनीने लावलेल्या माहितीच्या पट्टीवरच्या) एक्सल मर्यादेशी ताडून बघा. टायरच्या कडेवर लिहिलेली भारक्षमताही बघा, कारण मधल्या काळात कुणीतरी हलके टायर चढवलेले असू शकतात.

सांडपाण्याची टाकी एक्सलच्या मागे असेल तर तीही शेपटाचंच ओझं आहे. 100 लिटर म्हणजे जवळपास 100 किलो. टाकी रिकामी करून निघायची सवय लावली तर पेटीसाठी निम्मी जागा तिथेच निघते.

6. पेटीत जेमतेम 40 किलो होते, तरी ब्रॅकेटचा वेल्ड तुटला. असं कसं?

माझंही हेच झालं होतं. पहिली पेटी मी मोठ्या हौसेने बनवून घेतली. गाडी समतल करायचे ठोकळे, पाण्याचा होस, वायरचं भेंडोळं, एवढंच सामान. तिसऱ्या प्रवासात मागून येणारा एक ट्रकवाला हॉर्न वाजवून हाताने खाली बोट दाखवत गेला. उतरून पाहिलं तर पेटी डाव्या बाजूने सुटून दोन बोटं खाली आलेली, बंपर पाइप पिळलेल्या कपड्यासारखा तिरका.

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर चालता येतं. तीच हात लांब करून धरा, दहा पावलांत खांदा भरून येतो. पेटीचा मध्य बंपरच्या 45 सेंटिमीटर मागे असेल तर बंपरला नुसतं ओझं सोसायचं नसतं, पीळही सोसायचा असतो. त्यात एक्सलपासून इतक्या लांबचं टोक खड्ड्यात चाबकासारखं उडतं, त्यामुळे 40 किलो क्षणभर दुप्पट-तिप्पट होतात. वेल्ड पहिल्या खड्ड्यात तुटत नाही. हजाराव्या खड्ड्यात तुटतो, म्हणून तो "अचानक" तुटल्यासारखा वाटतो.

उपाय दोन. पेटी उथळ घ्या आणि बंपरला जितकी चिकटून बसेल तितकी बसवा. पेटी गाडीच्या रुंदीत वाढवा, मागे नको. दुसरं, पेटीखालच्या दोन आडव्या पट्ट्या बंपरवर न संपवता बंपरखालून पुढे नेऊन चासीच्या चॅनेलला बांधा. आता पीळ बंपरऐवजी चासी घेते. माझी दुसरी पेटी अशीच आहे, आणि तिच्या बाबतीत मला अजून कुणी हॉर्न वाजवलेला नाही.

7. वेल्ड करू की बोल्ट लावू?

जिथे शक्य तिथे बोल्ट. बोल्ट उघडून बघता येतो, बदलता येतो, आणि पुढच्या मालकाला पेटी नको असेल तर ग्राइंडर लागत नाही. पातळ, अर्धवट गंजलेल्या पाइपवर वेल्ड मारला की शेजारचा पत्रा जळून आणखी पातळ होतो आणि चीर बरोबर वेल्डच्या कडेने जाते.

वेल्डच करायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाइपमधला होस बाहेर घ्या, मागच्या भिंतीतलं लाकूड आणि थर्मोकोल ओल्या गोणपाटाने झाका, इंधनाची टाकी आणि नळी कुठून जाते ते आधी हाताने चाचपा. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर तो घासून काढल्याशिवाय ज्योत लावू नका, त्याचा धूर ताप आणतो. चासीच्या चॅनेलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड तर अजिबात नको.

8. बंपरला भोकं पाडली तर तो कमजोर होणार नाही?

होईल, पण भोकापेक्षा जास्त नुकसान भोकात घट्ट आवळलेला बोल्ट करतो. पोकळ पाइप आरपार आवळला की भिंती आत दबतात. वाटतं बोल्ट घट्ट झाला, प्रत्यक्षात पाइप चपटा झालेला असतो. दोन प्रवासांनी बोल्ट सैल. म्हणून भोकाच्या आत, पाइपच्या आतल्या मापाइतक्या लांबीची लोखंडी नळी बसवा आणि बोल्ट तिच्यातून न्या. बाहेरून मोठी चौकोनी पट्टी वॉशर म्हणून. बोल्ट 8.8 ग्रेडचे, नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे).

चासीच्या चॅनेलमध्ये भोक पाडायचंच असेल तर उभ्या भिंतीत, मधोमध. वरची आणि खालची पट्टी चासीचा खरा जीव असते, तिला ड्रिल लावू नका. कापलेल्या प्रत्येक कडेला रेडऑक्साइड, मग रंग. हे उद्यावर टाकलं की राहतंच.

9. क्रोमचा मूळ बंपर आहे. त्याला हात लावायचा नाही. मग?

तुमचं मन मला कळतं. क्रोमला भोक पाडलं की भोकाच्या कडेने गंज आत शिरतो आणि थर पापुद्र्यासारखा सुटत जातो. पण हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. मूळ बंपर ज्या ब्रॅकेटवर बसलाय त्याच्या मागून, चासीच्या आधीच्या भोकांतून स्वतंत्र ब्रॅकेट काढा. ते बंपरच्या खालून बाहेर येईल आणि क्रोमला स्पर्शही होणार नाही.

रबर लावून क्लॅम्पने धरणं हा दुसरा मार्ग सांगितला जातो. मला तो आवडत नाही. रबर दाबाने हळूहळू बसतं, क्लॅम्प सैल होतो, आणि मधल्या फटीत अडकलेली वाळू क्रोमवर पॉलिश पेपरचं काम करते.

10. त्यापेक्षा टोइंगच्या रिसीव्हरमध्ये घालायचा कॅरिअर बरा नाही का?

रिसीव्हर (टोइंगचा दांडा सरकवायची चौकोनी नळी) चासीला बांधलेला असेल तर नक्कीच बरा: काढता-घालता येतो, गाडीला काहीच करावं लागत नाही. रिसीव्हर बंपर पाइपलाच वेल्ड केलेला असेल तर त्याचं मोल बंपरइतकंच, मग प्रश्न 2 पुन्हा वाचा. लांबवणारा जोड घातला की क्षमता घटते, कारण तोच तो पीळ. कॅरिअर खडखडत असेल तर पाचर किंवा आवळणारा बोल्ट लावा. खडखड म्हणजे भोक मोठं होत चाललंय.

11. पेटी प्लॅस्टिकची, अॅल्युमिनियमची की लोखंडाची?

लोखंडाची पेटी मजबूत, पण निम्मं वजन ती स्वतःच खाते. प्लॅस्टिकची हलकी. उन्हात ठिसूळ होते आणि तिची कडी महामार्गाच्या वाऱ्यात उघडते, म्हणून वरून दोन पट्टे हवेतच. सायलेन्सरचं तोंड जवळ असेल तर प्लॅस्टिक वितळतं, हे मी लिहायची गरज नसावी, पण हा फोटो मला दोनदा आला आहे.

माझी पसंती अॅल्युमिनियमला. फक्त ती थेट लोखंडावर टेकवू नका. ओलावा आला की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो आणि त्यात अॅल्युमिनियम मरतं, पांढरी पूड पडायला लागते. मध्ये नायलॉनची किंवा जाड रबराची पट्टी घाला, बोल्टखाली नायलॉन वॉशर.

12. झाकण घट्ट आहे, तरी आत धूळ आणि पाणी कसं जातं?

मोटरहोमचा मागचा भाग म्हणजे उभी भिंत. गाडी पळते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि रस्त्यावरची धूळ, चाकांनी उडवलेलं पाणी, सायलेन्सरचा धूर सगळं तिथे ओढलं जातं. रबरी पट्टी झाकणाच्या सगळ्या बाजूंनी लावा, बिजागरीच्या बाजूनेसुद्धा, ती बाजू विसरली जाते. तळाला कोपऱ्यांत दोन छोटी भोकं ठेवाच. पाणी येणारच, त्याला जायला वाट हवी. अंथरूण, कपडे या पेटीत ठेवू नका.

13. या पेटीत काय ठेवावं आणि काय नाही?

मोठं पण हलकं सामान ठेवा: घडीच्या खुर्च्या, पाण्याचा होस, चटया, वायर, बाहेर अंथरायची ताडपत्री. जड सामान गाडीच्या पोटात, दोन एक्सलच्या मध्ये.

गॅसचा सिलिंडर मागच्या बंपरवर कधीच नको. अमेरिकेत मनोरंजन वाहनांसाठी असलेलं एनएफपीए 1192 हे मानक सिलिंडर मागच्या बंपरवर बसवायला मनाई करतं, आणि कारण उघड आहे: मागून ठोकलं की पहिला मार तिथेच बसतो. पेट्रोलच्या कॅनलाही हाच न्याय.

जनरेटरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. वाहून नेणं एक गोष्ट, तिथेच चालवणं दुसरी. बंद पेटीत तो तापून बंद पडेल किंवा पेट घेईल. उघड्या पेटीत चालवला तर धूर थेट मागच्या खिडकीतून झोपायच्या जागी. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. जनरेटर उतरवून गाडीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. गाडीच्या आतला या वायूचा डिटेक्टर चालू आहे ना, तेही बघा. शिवाय जनरेटर जड असतो, त्याचं गणित प्रश्न 4 मध्ये.

14. पेटीमुळे टेललाइट आणि नंबरप्लेट झाकली जाते. चालेल?

नाही. ब्रेकलाइट, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबरप्लेट आणि तिच्यावरचा दिवा, सगळं मागून आणि तिरप्या बाजूनेही दिसलं पाहिजे. नेमकी मापं प्रत्येक देशाच्या नियमात वेगळी, ती तिथली बघा. झाकलं जात असेल तर पेटीवर दुसरा संच लावा. जुन्या गाडीत दिवे मंद असण्याचं कारण बहुधा गंजलेलं अर्थिंग असतं, तेव्हा नव्या दिव्यांची अर्थ वायर पेटीला न जोडता चासीपर्यंत न्या.

15. मागे दार, खिडकी किंवा इंजिन असेल तर?

मागची खिडकी आणीबाणीतून बाहेर पडायची असेल तर तिच्यासमोर काहीही उभं करू नका. आतून ती पूर्ण उघडते का आणि माणूस बाहेर निघतो का, एकदा स्वतः करून बघा.

मागे इंजिन आणि रेडिएटर असलेल्या मोठ्या गाडीत पेटी हवेचा रस्ता अडवते. तिथे जाळीचा उथळ ट्रे फार तर. फोक्सवॅगनच्या जुन्या टी 2 मध्ये इंजिनाचं झाकण बंपरच्या लगेच वर उघडतं, म्हणून पेटी बाजूला फिरणाऱ्या हातावर हवी, नाहीतर तेल तपासायलाही पेटी उतरवावी लागेल.

16. भार वाटून घ्यायला वरून शिडीला पट्टा बांधला तर?

शिडी पातळ पत्र्याच्या भिंतीला स्क्रूने बसवलेली असते, आणि जुन्या गाडीत त्या स्क्रूमागचं लाकूड कुजलेलं असू शकतं. पट्टा हिसके देतो, स्क्रू हलतात, पाणी शिरतं. पेटी वाचेल, भिंत जाईल.

17. मग पुढच्या बंपरवर बसवू का?

तोलाच्या दृष्टीने कल्पना वाईट नाही. पुढच्या एक्सलच्या 1 मीटर पुढे 40 किलो ठेवले आणि एक्सलमधलं अंतर 4 मीटर असेल, तर पुढे 50 किलो वाढतात आणि मागचे 10 कमी होतात. पण रेडिएटरची हवा, हेडलाइट आणि चालकाची नजर, तिन्ही मोकळी राहिली पाहिजेत. घाटात इंजिन तापणाऱ्या गाडीला हा मार्ग बंद. पुढच्या एक्सलची मर्यादाही तपासा, जुन्या चासीत ती आधीच काठावर असू शकते.

18. मागे सस्पेन्शनला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) आणि जादा पाटे बसवले आहेत. आता वजन वाढवू शकतो ना?

नाही. त्यांनी गाडी बसलेली दिसणार नाही, एवढंच. एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच आहेत. उलट गाडी सरळ दिसते म्हणून जास्त भार लक्षात येत नाही.

19. पेटी बसवल्यावर गाडी चालवताना काय बदलेल?

वळताना शेपूट बाहेर फेकलं जातं, ते आता पेटीच्या खोलीने आणखी लांब. खांबाजवळून वळताना उलट बाजूचा आरसा बघायची सवय लावा. चढ सुरू होतो तिथे किंवा रस्त्याच्या खोलगट भागात पेटीचा तळ घासतो. तळ बंपरच्या तळाच्या खाली जाऊ देऊ नका. रिव्हर्स घेताना पेटी आरशात दिसत नाही, म्हणून तिच्या कोपऱ्यावर वाकणारी उभी काठी लावा.

20. सांडपाण्याचा होस बंपरच्या पाइपातच राहतो. पेटी आली की तो काढायचा कसा?

पेटी टोकापासून एक वीत आत घ्या, टोपण मोकळं राहील. नाहीतर होस पेटीखाली वेगळ्या पीव्हीसी पाइपात ठेवा. पेटीत, खुर्च्यांच्या शेजारी, कृपया नको.

21. बसवल्यानंतर कधी आणि काय तपासायचं?

पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा, मग प्रत्येक प्रवासाआधी. पान्याच्या भरवशावर राहू नका. आवळून झाल्यावर नट आणि पट्टी यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे चालता चालताही कळतं. पेटीचं टोक दोन्ही हातांनी वर-खाली हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्याला चासीचा जोड बघायला सांगा. पेटी आणि गाडी एकत्र हलली पाहिजे. पेटी आधी आणि गाडी नंतर हलली, तर सामान उतरवा आणि टॉर्च घेऊन पुन्हा प्रश्न 3 पासून सुरू करा.